गोजराची पोरं आणि राजाची बाग

"राजाच्या बागेत म्हणे कायमची बंदी..."

विहिरीवर एवढंच माझ्या कानावर पडलं, आणि घागरी उचलून दोघी बाया चालत्या झाल्या! बंदी कोणाला? कशापायी? मी रिकामीच घागर घेऊन थेट शेजारच्या गोजराच्या दारात.

गोजरा मागावर बसली होती. दोन वर्षांचा नाम्या सुताच्या लडीत गुरफटला होता, आणि चार वर्षांची मैनी त्याला सोडवायच्या नावाखाली आणखी गुंडाळत होती.

"गोजरा, बंदी कोणाला गं?"

"पोरांना, द्वारकामावशी. गावातल्या सगळ्या लहान पोरांना. आणि झालं ते आमच्या मैनीमुळं!"

आमच्या कोष्टीगल्लीत अमावास्येला माग बंद असतात. महिन्यातला तेवढाच मोकळा दिवस, आणि गल्लीत सावलीला एक झाड नाही. म्हणून सगळ्या आया पोरांना घेऊन राजाच्या बागेत जातात. कालही गेल्या. तिथे नाम्या अंगावरचं सगळं काढून कारंज्यात उतरला. तेही एक वेळ खपलं असतं. पण समोरून राजे रणधीरराव आले, आणि मैनीने बोट दाखवून साऱ्या बागेला ऐकू जाईल असं विचारलं, "आई, ह्या आजोबांच्या पोटात बाळ आहे?"

राजे 'बाळा'वर चिडले की 'आजोबां'वर, ते कोणालाच कळलं नाही.

"मग तू काय म्हणालीस?"

"काय म्हणणार! म्हटलं, नाही गं, लाडू आहेत."

"अगं बाई!"

"आता पोरांनी अमावास्येला खेळायचं कुठं? रंगाच्या कढयांत? मी जाते राजाकडे."

"चल, मीही येते," मी म्हणाले. असलं काही बघायचं सोडून मी घरी थोडीच बसणार!

राजे बागेतच बसले होते. आम्ही मुजरा करतो न करतो तोच मैनी आईच्या कानात कुजबुजली. तिची कुजबुज म्हणजे फाटकापर्यंत जाणारी. "आई, अजून झालं नाही का बाळ?"

"पाहिलंस?" राजे कडाडले. "म्हणून बंदी! मला बागेत शांतता हवी. पोरं कधी गप्प बसतात का?"

"बसतात की, महाराज," गोजरा म्हणाली.

राजांनी मिशीवर हात फिरवला. "असं? मग हे बुडाला भोक असलेलं घटिकापात्र पाण्यात सोडतो. ते भरून बुडेपर्यंत तुझ्या दोन्ही पोरांच्या तोंडून आवाज निघाला नाही, तर बंदी उठवीन. निघाला, तर बंदी कायम!"

दोन वर्षांचं पोर, जागेपणी, अख्खी घटकाभर गप्प? त्यापेक्षा नदी उलटी वाहवणं सोपं!

"कबूल," गोजरा म्हणाली. "पण शांततेचा नियम सगळ्यांना ना? नाहीतर तुमचे शिपाई खोकायचे, आणि माझी पोरं दचकायची."

"सगळ्यांना! जो आवाज करील तो बागेबाहेर, मग कोणी का असेना. माझा शब्द आहे!"

घटिकापात्र पाण्यात सोडलं. गोजराने ओटीतून चिक्कीचे दोन मोठे तुकडे काढून दोघांच्या तोंडात दिले. दातच चिकटले! अर्धी घटका चिक्कीत निघाली. मग चिक्की संपली, आणि मैनीने पायाला पाय लावला. चेहरा लालबुंद झाला. पोरीला शू लागली हे आईला कळायला काय लागतं? गोजरा उठली, नाम्याला उचलून सरळ राजांच्या मांडीवर ठेवलं, आणि मैनीला घेऊन कुंपणामागे पळाली!

राजांनी तोंड उघडलं. नियम आठवला. तोंड मिटलं.

नाम्याने राजांकडे पाहिलं. आई गेली तिकडे पाहिलं. खालचा ओठ हळूच बाहेर आला. हनुवटी थरथरली. राजांनी शिपायांकडे पाहिलं. शिपाई आभाळ बघू लागले. ओठ आणखी बाहेर आला, डोळे भरले...

"हम्म्माऽऽ!" राजे म्हणाले.

ओठ आत गेला. पण क्षणभरच! पुन्हा बाहेर.

"भू भू! म्यांव! आणि हा बघा आमचा घोडा, टबडक टबडक!" राजांची मांडी उडू लागली, पागोटं डोळ्यांवर आलं. नाम्याला मजा वाटली. त्याने राजांचा मोत्यांचा कंठा तोंडात धरला आणि निवांत चघळत बसला. आवाज म्हणून नाही!

घटिकापात्र बुडालं. कुंपणामागून गोजरा आली.

"महाराज, माझ्या पोरांचा आवाज आला?"

"नाही, पण..."

"मग बागेत म्हैस कुठून शिरली?"

एका शिपायाने तोंडात शेलाच कोंबला. राजे लालेलाल झाले. "अगं, पण तो रडणार होता!"

"मग रडू द्यायचं होतं की, महाराज! तो रडला असता तर तुम्हीच जिंकला असता. नुसतं तोंड मिटून बसायचं होतं. तुमच्यासारख्या जाणत्याला जे अर्धी घटका जमलं नाही, ते दोन वर्षांच्या पोराला जन्मभर कसं जमावं?"

राजांनी डोळ्यांवरचं पागोटं वर सारलं. आणि मग असे हसले, असे हसले, की झाडावरचे पोपट उडाले!

"हरलो, बाई! बंदी उठली. आंब्याला चार झोपाळे टांगा रे! आणि ह्या दोघांना चांदीचे वाळे, चांगले खुळखुळणारे! आता झालं समाधान?"

"झालं. पण महाराज, तुमचा शब्द? आवाज करणारा बागेबाहेर!"

"म्हणजे मीच?"

"अमावास्येपुरतं."

तर विहिरीवर ऐकलं ते अगदीच खोटं नव्हतं. बंदी झालीच. दर अमावास्येला राजे फाटकाबाहेर ताटकळत उभे असतात, आणि एखाद्या पोराने बोट धरून आत नेलं, तरच त्यांना बागेत जाता येतं.