हरिणीचे कान आणि रानडुकराचे नाक

सागाच्या आणि मोहाच्या दाट रानात चितळांचा एक कळप चरत असे. त्या कळपात एक वयस्क हरिणी होती. तिला सगळे मावशी म्हणत. मुलांनो, हरणांच्या कळपाला राजा नसतो. ज्याचे कान तिखट, त्याच्यामागून बाकीचे चालतात. मावशीचे कान सगळ्यांत तिखट होते, म्हणून कळप तिच्यामागून चाले.

एका सकाळी कळप ओढ्यावर पाणी प्यायला निघाला होता. काठ दहा पावलांवर राहिला आणि मावशी थबकली. तिच्या मानेवरचे केस ताठ उभे राहिले.

"मागे फिरा," ती म्हणाली.

नुकतीच शिंगे फुटलेला एक तरुण नर पुढे आला. "काय झालं, मावशी? समोर तर काहीच दिसत नाही."

"मलाही दिसत नाही. पण फिर."

"अहो, पण का?"

"ते मागून सांगीन. आधी पळ!"

कळप वळला आणि उधळला. त्याच क्षणी करवंदीच्या जाळीतून बिबट्याने झेप घेतली. त्याच्या पंजाखाली नुसती धूळ आली. दूरच्या टेकाडावर पोचल्यावर मावशीने दम खाल्ला, तेव्हा कुठे तिच्या ध्यानात आले. त्या जाळीत सातभाई पक्ष्यांचा रोज सकाळी नुसता कलकलाट चाले. आज तिथे सगळे चिडीचूप होते. तिच्या डोक्याला हे उमजायच्या आधी तिच्या पायांना उमजले होते. सात उन्हाळे आणि सात पावसाळे तिने तो ओढा ऐकला होता. तो ऐकलेला ओढा त्या दिवशी कामी आला.

तेव्हापासून कळपात मावशीचा शब्द शेवटचा झाला. "मावशींना वाटलं ना, मग झालं," असे सगळे म्हणू लागले. हळूहळू मावशीलाही तसेच वाटू लागले. आपल्या मनात आले की ते खरेच, मग गोष्ट कुठलीही असो. कुठले झाड कधी फळेल, बाहेरून आलेला नर भांडखोर आहे की गरीब, हे ती एका नजरेत ठरवून टाकी. कधी ते बरोबर निघे, कधी चुकत असे. बरोबर निघाले की सगळ्यांच्या लक्षात राही. चुकले की ती स्वतःही विसरून जाई.

पुढे मोठा कडक उन्हाळा आला. ओढा आटला. खड्ड्यांतले पाणीही संपले. मग मावशी कळपाला घेऊन दोन डोंगर ओलांडून एका तळ्यावर आली. हे तळे त्यांतल्या कोणीच पूर्वी पाहिले नव्हते. मध्यभागी पाणी चमकत होते आणि अलीकडे भेगा पडलेला, कोरडा दिसणारा काठ होता. तहानेने सगळ्यांच्या जिभा टाळूला चिकटल्या होत्या. मावशीचे या वर्षीचे पाडस तर चालता चालता दोनदा पडले होते.

इतक्यात झुडपातून एक रानडुक्कर बाहेर आला. अंगावर चिखलाची पुटे, एक कान फाटलेला, सुळे पिवळे पडलेले.

"ए, इकडून उतरू नका," तो गुरगुरला. "वरचा पापुद्रा तेवढा वाळलाय. खाली पोटाइतका गाळ आहे. वळसा घालून पलीकडच्या खडकावर जा."

मावशीने त्याला एकदा वरपासून खालपर्यंत न्याहाळले. ते बारीक लाल डोळे, तो वास, ते तुसडे बोलणे! तिच्या मानेवरचे केस ताठ झाले. त्या सकाळी ओढ्यावर झाले होते, अगदी तसेच. हा लबाड आहे, तिच्या मनाने सांगितले. याला पाणी एकट्याला हवे आहे.

"मावशी, तो म्हणतो तसं वळसा घालून जायचं का?" तरुण नराने विचारले.

"माणसाळलेल्या गाढवासारखं कुणाचंही ऐकायचं नसतं," मावशी म्हणाली. "मला दिसतंय ना तो कसला आहे ते. चला."

तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत पाडस पाण्याकडे धावत सुटले होते. पंधरा पावले ते छान पळाले. सोळाव्या पावलाला पापुद्रा फुटला. आधी त्याचे पुढचे पाय गेले, मग मागचे. क्षणात ते पोटापर्यंत गाळात होते.

"आई!"

मावशी धावली. तिचेही पुढचे पाय गुडघ्यापर्यंत रुतले. कसेबसे तिने ते उपसून घेतले आणि ती मागे हटली. पाडस जिवाच्या आकांताने पाय झाडत होते, आणि दर झटक्याला आणखी खाली जात होते. मावशीच्या अंगातला कण न् कण ओरडत होता : उडी मार, बाळा, जोराने उडी मार! संकट आले की उडी मारायची, एवढेच तर हरणांना ठाऊक असते.

"पाय झाडू नकोस!" रानडुक्कर काठावरून ओरडला. "कुशीवर पड! आडवा हो!"

पाडसाने आईकडे पाहिले. आता काय ते तिने सांगायचे होते. मावशीने एकदा त्या फाटक्या कानाच्या रानडुकराकडे पाहिले. याचे ऐकावे असे तिला अजूनही वाटत नव्हते. पण गाळ होता तो, आणि गाळातले तिला काहीएक कळत नव्हते.

"तो सांगतो तसं कर," ती म्हणाली. 

पाडस कुशीवर पडले. त्याचे बुडणे थांबले. रानडुकराने नाक जमिनीला लावले आणि हुंगत हुंगत, जिथे लव्हाळ्याची मुळे जमीन धरून होती तिथून तो पोटावर सरपटत पुढे गेला. पाडसाच्या अंगाखाली त्याने आपले मुस्कट घातले आणि रेटले. एकदा, दोनदा, तिसऱ्यांदा रेटल्यावर पाडस सुटले आणि घसरत घसरत काठाला लागले. ते वाचले, पण त्याचा मागचा पाय मुरगळला होता. ते लंगडत उभे राहिले.

मावशीने त्याला चाटून स्वच्छ केले. मग मान खाली घालून ती रानडुकराला म्हणाली, "भाऊ, तुला कसं कळलं खाली गाळ आहे ते?"

"वासावरून. माझा जन्म चिखलात गेलाय, बाई."

"मग आधी नीट समजावून का नाही सांगितलंस?"

"सांगितलं होतं की," रानडुक्कर म्हणाला आणि आपल्या वाटेने गेला.

मुलांनो, मावशीला त्या रात्री झोप आली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती बदलली. कुठेही पाऊल टाकताना अडखळू लागली. पान वाजले की तिचे कान उभे राहत, आणि लगेच ती स्वतःलाच दटावी : गप्प बस, त्या दिवशीही तुला असेच वाटले होते. कळप आता खडकावरून पाणी पिई. आठ दिवस सुखाचे गेले.

नवव्या संध्याकाळी सगळे पाणी पीत होते. पाडस लंगडत जरा मागेच राहिले होते. थोड्या अंतरावर रानडुक्कर लव्हाळ्याची मुळे उकरत होता. एकाएकी मावशीच्या मानेवरचे केस उभे राहिले. तिने मान वर केली. समोर काही नव्हते, मागेही काही नव्हते. उगाच, तिला वाटले. पुन्हा माझी खोड. ती पाण्याकडे वाकली, पण पुन्हा मान वर करून कानोसा घेऊ लागली.

रानडुकराने तिच्याकडे पाहिले. "काय झालं?"

"काही नाही, भाऊ. उगाच काहीतरी वाटलं."

"काय वाटलं?"

"कुणीतरी दबा धरून बसलंय असं. पण माझ्या वाटण्याचं काय खरं? तुझ्या बाबतीत मी किती चुकले!"

"माझं सोड," रानडुक्कर गुरगुरला. "दबा धरून बसलेल्याच्या बाबतीत तू आजवर किती वेळा चुकलीस?"

मावशीने आठवून पाहिले. "एकदाही नाही."

"मग इथं बोलत काय उभी राहिलीस?"

मावशीने खूर आपटला आणि जंगल दुमदुमेल अशी हाक दिली. कळप खडकावरून उधळला. ती मात्र उलटी धावली, तिने पाडसाला डोक्याने ढुसणी देत पुढे पिटाळले आणि ती त्याच्या मागोमाग सुटली. खडकाच्या आडून वाघ आला तेव्हा ती दोघे त्याच्यापासून एका उडीच्या पलीकडे होती. वाघाची उडी तेवढीच कमी पडली. रानडुक्कर केव्हाच झुडपात घुसला होता. पाणी ढवळून निघाले आणि वाघ हात हलवत परत गेला.

डोंगराच्या खांद्यावर कळप थांबला. तिथून मावशीने खाली पाहिले. काठावरची टिटव्यांची जोडी अजून वरच घिरट्या घालत होती. ती केव्हा उडाली होती, ते मावशीने पाहिले नव्हते. तिच्या कानांनी तेवढे टिपले होते.

पाडस तिला बिलगून उभे होते. धाप कमी झाल्यावर त्याने विचारले, "आई, आज वाघ आहे असं तुला वाटलं. त्या दिवशी तो रानडुक्कर लबाड आहे असं वाटलं, तेव्हाही असंच वाटलं होतं का?"

"अगदी असंच. रतीभरही फरक नव्हता."

"मग आजचं खरं निघालं आणि तेव्हाचं खोटं, असं कसं?"

मावशीने त्याचा दुखरा पाय चाटला. मग म्हणाली, "बाळा, वाघ मी जन्मभर ऐकत आलेय. रानडुकराशी मी त्या दिवशी पहिल्यांदा बोलले."

तात्पर्य : ज्या गोष्टीत आयुष्य घातले, तिथे मनाची पहिली हाक ऐकावी आणि वेळ दवडू नये; पण ज्या गोष्टीची ओळखच नाही, तिथे मन कितीही ठासून सांगो, आधी जाणत्याला विचारावे.