बोझेनाची रेघ

खूप वर्षं झाली. इतकी, की तेव्हा अमेरिकेतल्या नेब्रास्काच्या माळावर नजर पोचेल तिथवर एकही झाड नव्हतं. होतं ते नुसतं गवत. घोडेस्वार बुडेल एवढं उंच! त्या गवतात एके दिवशी बोझेना कुबात बैलगाडीतून उतरली. बरोबर नवरा मातेय, आठ वर्षांची लेक आनेश्का, दोन बैल आणि एक नांगर. समुद्रापलीकडे बोहेमियात त्यांच्या नावावर बोटभर जमीन नव्हती. इथलं सरकार म्हणत होतं, पाच वर्षं राहा, कसून दाखवा, जमीन तुमची.

मग काय, राहिले! लाकूड नाही, दगड नाही, म्हणून गवताच्या मुळांसकट मातीचे ठोकळे कापले आणि त्यांचंच घर रचलं. पहिल्याच वर्षी मातेयचा हात गाडीच्या चाकाखाली चिरडला आणि नांगराचं रुमणं बोझेनाच्या हाती आलं. त्या जमिनीत आजवर कुणी फाळ घातला नव्हता. जाड कापड टराटरा फाडावं तशी मुळं तुटायची. तो आवाज म्हणे तीन कोसांवर ऐकू जायचा, आणि लोक एकमेकांना सांगायचे, "उठा, बोझेना कामाला लागली!"

बघता बघता शेजारी दहा घरं उठली. गावाला नाव पडलं नोवा लिपा. कुबातांचं घर मात्र सगळ्यांच्या पुढे, वायव्येच्या टोकाला एकटंच होतं.

पाचवं वर्ष सरत आलं होतं. ऑक्टोबर महिना, गवत वाळून कडकडीत झालेलं. गावातले धडधाकट पुरुष गहू दळायला दोन दिवसांच्या वाटेवर गिरणीला गेले होते, एक हात अधू असला तरी मातेयही त्यांच्याबरोबर होता. भर दुपारी अंगणातून ससे पळाले. मागून हरणं आली, माणसांना न बिचकता सरळ घरांमधून निघून गेली. मग वास आला. बोझेनानं वायव्येकडे पाहिलं. आभाळाच्या तळाशी धूर, आणि धुराखाली लालभडक काठ. वणवा!

बायका मुलांना काखेत मारून नदीकडे धावल्या. नदी दोन कोस लांब.

"थांबा!" बोझेना ओरडली. "वाऱ्याशी शर्यत लावणार आहात का? आणि हिनेकआजोबांना कोण उचलणार?"

म्हातारे हिनेक दारात खुर्चीवर बसले होते. "माझं सोड पोरी," ते म्हणाले, "तू पळ."

"पळायला नाही आले मी इतक्या लांब," ती म्हणाली आणि तिनं बैलांवर जू ठेवलं.

गावाच्या पुढून एक लांब रेघ नांगरायची, रेघेपलीकडचं गवत आपणच पेटवायचं, म्हणजे वणवा येईल तेव्हा त्याला खायला काही उरणार नाही. बायकांना तिनं ओली पोती दिली. ठिणगी अलीकडे आली की झोडपायची.

नांगर लावायच्या वेळी आनेश्कानं तिचा झगा धरला. "आई, इथून रेघ मारलीस तर आपलं घर बाहेर राहील!"

बोझेनानं घराकडे पाहिलं. आत पुढच्या वर्षीचं बियाणं, मागे पाच वर्षांतली सगळ्यात मोठी गंजी.

"दिसतंय मला," ती म्हणाली. "पण तिकडून वळसा घालायला वेळ नाही, बाळा. दहा घरं आत राहतायत ना? धर पोतं."

आणि तिनं हाक दिली! असं म्हणतात, की ते बैल त्या दिवशी घोड्यांसारखे धावले. असं म्हणतात, की फाळ तापून लाल झाला आणि मातीतून वाफा निघाल्या. शेवटची शंभर पावलं उरली असताना डावा बैल गुडघ्यावर बसला. बोझेनानं त्याची मान सोडवली आणि त्याच्या जागी स्वतःचा खांदा जुवाखाली घातला. रुमणं आठ वर्षांची असताना इथं आलेल्या, आता तेरा वर्षांच्या आनेश्कानं धरलं. रेघ पुरी झाली, बायकांनी गवत पेटवलं, आणि आग आगीला भिडली. वणवा म्हणे रेघेपाशी घोड्यासारखा दोन पायांवर उभा राहिला, खिंकाळला आणि तिथंच कोसळला.

मातेय परतला तेव्हा त्याला आपल्या घराचा काळा ढिगारा दिसला. तो बायकोला हाका मारत धावला. ती रेघेत बसून दमलेल्या बैलाला पाणी पाजत होती.

"घर गेलं," ती म्हणाली.

"जाऊ दे," तो म्हणाला आणि तिच्या खांद्यावरचे वळ बघून रडू लागला.

दुसऱ्याच दिवशी दहा घरांनी मिळून ठोकळे कापले आणि सूर्य मावळायच्या आत कुबातांचं घर उभं केलं. प्रत्येक घरानं बियाण्याचं एक पोतं आणून दिलं. वसंतात जमिनीचा कागद आला, त्यावर मातेयनं बायकोलाही अंगठा उठवायला लावला.

आज नोवा लिपात डांबरी रस्ते आहेत, शाळा आहे, आग विझवायची गाडीही आहे. तरी दर ऑक्टोबरात गावाच्या वायव्येला बैल जुंपून एक रेघ नांगरतात. रुमणं धरायचा मान गावात सगळ्यात शेवटी राहायला आलेल्या घराचा. गेल्या साली ग्वाटेमालाहून आलेल्या एका बाईनं ते धरलं. तिची रेघ बरीच वाकडी गेली. गावानं ती तशीच ठेवली, आणि लोक त्या बाईला नावानं हाक मारायला शिकले.