जावईबापूंचा प्रोग्राम

"एकही अक्षर न बदलता हा प्रोग्राम पळवून दाखव! नाहीतर उद्यापासून येऊ नकोस!"

साखर कारखान्याचे चेअरमन तात्यासाहेब रणनवरे गरजले. कोणाचा ऊस आधी तोडायचा आणि कोणाचा आधी गाळपाला घ्यायचा हे ठरवणारा त्यांचा पायथॉनमधला प्रोग्राम सकाळी सुरू केला की संध्याकाळी उत्तर द्यायचा. तोवर टोळ्या बांधावर बसलेल्या, ट्रॅक्टर रस्त्यात उभे, आणि आदल्या दिवशी तोडलेला ऊस उन्हात वाळतोय!

पण प्रोग्राम लिहिला होता खुद्द तात्यासाहेबांच्या जावयानं, इंद्रजितरावांनी. त्याला हात लावायची कोणाची टाप! आधीचा इंजिनिअर 'पुन्हा लिहावा लागेल' एवढंच म्हणाला, तर त्याची बदली मळीच्या टाकीवर झाली. मग संचालक मंडळानं मोठी दूरदृष्टी दाखवली आणि कॉम्प्युटरच्या खोलीला एसी बसवला. प्रोग्राम तितकाच हळू, पण गारव्यात चालू लागला.

आता पाळी वैजयंता शेळकेची. ती कारखान्यातली कंत्राटी प्रोग्रामर. तिच्या आईचा ऊसही तिथंच रस्त्यात वाळत होता.

"अक्षर बदलणार नाही, तात्यासाहेब. बाकी काय करायचं ते करू ना?"

"खुशाल कर! पण माझा चहा निवायच्या आत उत्तर पाहिजे!"

सोमवारी संचालक जमले, चहा आला. वैजयंतानं बटण दाबलं. तात्यासाहेबांनी बशीत फुंकर मारली, तोच पडद्यावर अख्खा तोडणी कार्यक्रम! जुन्या प्रोग्रामच्या उत्तराशी ताडून पाहिला. एका नावाचा फरक नाही!

इंद्रजितराव उसळले. "हिनं माझा प्रोग्राम बदलला!"

"उघडून बघा की."

त्यांनी ओळन् ओळ तपासली. त्यांच्या स्पेलिंगच्या चुकासुद्धा सुखरूप होत्या!

"मग ही जादू कसली?" तात्यासाहेबांनी विचारलं.

"जादू नाही, भाषांतर! कॉम्प्युटरला पायथॉन कळत नाही. मध्ये एक दुभाषी बसतो आणि प्रत्येक ओळ समजावून सांगतो. तीच ओळ लाख वेळा आली तर लाख वेळा सांगतो! मी सगळा प्रोग्राम एकदाच सी भाषेत उतरवला आणि कंपाइलरकडून यंत्राच्या बोलीत करून घेतला. आता मध्ये कोणी नाही."

"म्हणजे माझा प्रोग्राम चालतच नाही!" इंद्रजितराव किंचाळले. "नुसता ठेवून दिलाय!"

"अहो, जावईबापूंचा प्रोग्राम तो!" वैजयंता हात जोडून म्हणाली. "त्यानं मानानं पाटावर बसायचं. राबायला आम्ही घरची माणसं आहोत ना!"

तात्यासाहेब असे हसले की बशीतला चहा धोतरावर सांडला. संचालकही हसले, अर्थात तात्यासाहेब हसल्याची खात्री करून.

"हिला आजच कायम करा!" डोळे पुसत तात्यासाहेब म्हणाले. "हिच्या आईचा ऊस आज गाळपाला, कारखान्याच्या गव्हाणीत गेला पाहिजे. आणि मळीच्या टाकीवरच्या त्या इंजिनिअरला परत बोलवा, हिच्या हाताखाली!"

"आणि मला?" इंद्रजितरावांनी विचारलं.

"तुम्हाला?" तात्यासाहेबांना पुन्हा हसू फुटलं. "अरे, जावईबापूंना पाट द्या!"