तीन वर्षांपूर्वीचा तंबोरा

एकदा एका नदीकाठच्या गावात तंबोरे घडवणारे एक वृद्ध कारागीर राहत होते. त्यांचे नाव दस्तगीर. पण लहानथोर सारे त्यांना चाचा म्हणत. दूरदूरचे गवई त्यांच्याकडे येत ते मुख्यतः जवारीसाठी. तंबोऱ्याच्या तारा ज्या हाडाच्या घोडीवर टेकतात, तिचा माथा कानशीने असा हलकेच घासायचा की तारेतून भरदार, गुंजणारा नाद उमटावा. यालाच जवारी काढणे म्हणतात. केसभर जास्त घासले तर नाद मरतो, कमी घासले तर तो उघडतच नाही. हे काम डोळ्यांना दिसत नाही आणि पट्टीने मोजता येत नाही. त्याला कान लागतो.

चाचांच्या हाताखाली निवास नावाचा तरुण सहा वर्षे शिकत होता. सुरुवातीची दोन वर्षे त्याच्या जोडीला विश्वजीत नावाचा आणखी एक शिष्य होता. त्याचे मन कानशीत रमले नाही. तो शहरात गेला आणि त्याने वाद्यांचे दुकान थाटले. माणूस मोकळा, बोलायला गोड. दुकान छान चालले. इथवर कुणाचेच काही बिघडले नव्हते.

बिघडले ते निवासच्या जेवणाच्या सुट्टीत. भाकरीचा घास एका हातात आणि मोबाईल दुसऱ्या हातात, अशी त्याला सवय लागली. विश्वजीतच्या दुकानाची काचेची दर्शनी बाजू, विश्वजीत दुबईच्या समुद्राकाठी, विश्वजीत नव्या घराच्या वास्तुशांतीत रेशमी सदरा घालून. निवास प्रत्येक फोटोला अंगठा देई आणि प्रत्येक अंगठ्यागणिक आतून थोडा आंबत जाई. मग तो आपल्या हातांकडे बघे. हाडाच्या भुकटीने पांढरी झालेली बोटे, अंगठ्याला पडलेला घट्टा. सहा वर्षांत आपण काय मिळवले, असा प्रश्न त्याला पडे आणि दाखवण्याजोगे एकही उत्तर सापडत नसे.

अशाच एका दुपारी विश्वजीतने नव्या मोटारीचा फोटो टाकला. बॉनेटवर झेंडूचा हार, हातात किल्ली, शेजारी हसणारी आई. निवास त्यानंतर कामाला बसला खरा, पण त्याचे चित्त त्या हारातच अडकले होते. समोर एका गायिकेचा तंबोरा होता. दोन दिवसांवर तिची मैफल. निवासच्या हातून कानस चार वेळा जास्त फिरली आणि तार बोलेनाशी झाली.

चाचांनी येऊन तार छेडली. काही न बोलता ती घोडी काढली, नवी बसवली आणि संध्याकाळपर्यंत स्वतः बसून जवारी काढली. रागावले असते तर निवासला बरे वाटले असते. त्या शांततेने त्याला अधिकच लाजवले, आणि लाजेचा लगेच राग झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाचांपुढे जाऊन उभा राहिला.

"चाचा, मी जातो म्हणतो. विश्वजीतच्या दुकानात माणूस पाहिजे. मी विचारलं, तो ये म्हणाला."

"बरं," चाचा म्हणाले. "जरूर जा. पण परवा जा. उद्या मला एके ठिकाणी जायचंय, तेवढा एक दिवस इथलं बघ."

निवासला नवल वाटले. चाचांचे गुडघे कधीचे धरलेले होते. गेल्या वर्षभरात ते गावाबाहेर पडले नव्हते. तरी ते पहाटेच्या एसटीने गेले आणि दुपार टळल्यावर परतले. खांद्यावर चादरीत गुंडाळलेले लांबलचक ओझे होते. निवास हात लावायला धावला, पण त्यांनी लावू दिला नाही. लोक आपले तंबोरे घेऊन ज्यांच्या दारी येतात, तो म्हातारा आज कुणाचा तंबोरा आणायला दुसऱ्या तालुक्याला गेला, हे निवासला काही केल्या उमगेना.

दुसऱ्या दिवशी सकाळी चाचांनी त्याला भिंतीकडे तोंड करून बसवले.

"मागं वळायचं नाही. मी तारा छेडतो. काय ऐकू येतंय ते सांग."

चारही तारा वाजल्या. निवासने डोळे मिटले. तारा पुन्हा वाजल्या.

"सांगू का खरं?"

"खरंच सांग."

"नाद उघडतोय चांगला, पण टिकत नाही. लगेच बसतो. घोडीला पुढच्या अंगाला उतार जास्त दिलाय. खर्जाची तार एकटी पडलीय, जोडीच्या तारांत मिसळतच नाही. आणि..." त्याने मान तिरकी केली. "परत वाजवा. हां. भोपळ्यावरची तबलीची फळी जाड राहिलीय, म्हणून आवाज आतल्या आत कोंडतोय. चाचा, बाहेरून हा देखणा असणार. करणाऱ्यानं सगळं लक्ष नक्षीवर दिलंय."

"करणाऱ्याला काय सांगशील?"

"सांगेन, हात चांगला आहे तुझा. कान अजून उघडायचाय."

"मग वळ आणि सांग त्याला."

निवास वळला. समोर गडद तांबूस भोपळ्याचा तंबोरा होता. गळ्याशी वेलबुट्टी, आणि तिच्या टोकाला कोरलेले एक इवलेसे 'नि'. तीन वर्षांपूर्वी त्याने स्वतंत्रपणे घडवलेला हा पहिला तंबोरा. त्या दिवशी त्याने गल्लीत पेढे वाटले होते. फोटो टाकला होता आणि चारशे लोकांनी त्याला अंगठे दिले होते. नंतर तो तंबोरा शेजारच्या तालुक्यातल्या एका गायनवर्गाला गेला. काल चाचांनी तो तिथूनच दुरुस्तीला म्हणून मागून आणला होता.

निवासचे कान लाल झाले. "चाचा, तेव्हा तुम्ही 'छान झालाय' म्हणाला होतात!"

"तेव्हाच्या तुझ्या मानानं छानच होता."

"पण दोष सांगायचे तरी..."

"सांगितले असते, तर तुला ऐकू आले असते का?"

निवासची नजर त्या वेलबुट्टीवर गेली. त्याला आठवले, त्या दिवशी तो हाच नाद तासभर ऐकत बसला होता आणि त्यात त्याला कुठेही उणे सापडले नव्हते.

चाचांनी तंबोरा अलगद गादीवर आडवा केला आणि ते निवाससमोर बसले.

"बेटा, विश्वजीतची मोटार खरी आहे. त्यानं कष्टानं घेतलीय आणि ती त्याला लाभो. तुलाही हवी असेल तर तूही घे पुढं, मी नको म्हणणार नाही. पण तू रोज त्याच्या फोटोपुढं उभा राहून स्वतःला मापतोस आणि कमी भरतोस. भरणारच. त्याची वाट तू चाललेलाच नाहीस. मापायचंच असेल, तर ज्यानं हा तंबोरा केला त्याच्याशी स्वतःला लावून बघ. त्या पोराला जे ऐकू येत नव्हतं, ते आज तुला भिंतीकडे तोंड करून ऐकू आलं. ही तीन वर्षांची कमाई आहे. तिचा फोटो निघत नाही, म्हणून तुला वाटलं की ती नाहीच. आता शहरात जायचं असेल तर खुशाल जा. फक्त काय सोबत घेऊन निघालायस, ते ओळखून जा."

एवढे बोलून ते चहा टाकायला उठले.

निवासने तंबोरा जवळ ओढला. मग त्याने तारा उतरवल्या, तबली सोडवली आणि ती आतून तासायला घेतली. सहा दिवस तो त्याच कामात होता. जेवणाच्या सुट्टीत भाकरी खातानाही त्याचे ध्यान त्या लाकडात असे. सहाव्या दिवशी त्याने तारा चढवल्या, नवी घोडी बसवून तिची जवारी काढली आणि चाचांना हाक मारली.

चाचांनी डोळे मिटून ऐकले. नाद उघडला, पसरला आणि खोलीत भरून राहिला.

"वा!" ते म्हणाले. मग थोडे थांबून म्हणाले, "एक दोष राहिलाय मात्र."

"कुठला?"

"तो तुला अजून दोन-तीन वर्षांनी ऐकू येईल."

महिन्याभरापूर्वी हे ऐकून निवासचा चेहरा पडला असता. आज तो मोठ्याने हसला. आपल्या पुढे अजून ऐकायचे काही शिल्लक आहे, याचा त्याला आनंद झाला.

शहरात जाणार नसल्याचे त्याने विश्वजीतला कळवले. पुढच्या रविवारी विश्वजीतच दारात येऊन उभा राहिला. मोटारीच्या मागच्या सीटवर दोन तंबोरे होते.

"निवास, दुकानात पडून आहेत रे. दिसायला झकास, पण गिऱ्हाईक वाजवून बघतं आणि परत ठेवतं. माझा काही तेवढा कान नाही. तू बघशील का?"

"बघतो की. पण आधी मला मोटारीतून चक्कर मारून आण. फोटोत लई वेळा बघितलीय ही."

दोघे नदीच्या पुलापर्यंत जाऊन आले. मोटार खरोखर सुरेख होती. निवासने तसे मोकळ्या मनाने सांगितले, आणि सांगताना आत कुठेही टोचले नाही. मग खाली उतरून त्याने ते दोन तंबोरे उचलले आणि तो कामाला बसला.

आपण कालच्याहून किती वाढलो हे ज्याला ऐकू येते, तो दुसऱ्याचे सुख निर्मळ डोळ्यांनी पाहू शकतो.