साखरेचा राजा आणि अळूची वडी

ही गोष्ट सांगायची नाही, असं मला बजावलं आहे. तरी सांगते. हळू आवाजात सांगते, जवळ सरका.

एका राज्यात शीलवर्मा नावाचा राजा होता. त्याला एका मांत्रिकाच्या गुहेत चांदीची पेटी सापडली. पेटीत बत्तासे होते आणि ते कधी संपत नसत. राजाने एक बत्तासा खाल्ला, आणि तेव्हापासून त्याला दुसऱ्या कशाचीच चव लागेना. भात मातीसारखा, भाकरी राखेसारखी. तो बत्ताशांवर राहू लागला आणि हळूहळू स्वतःच साखरेचा होऊ लागला. आधी करंगळी, मग अख्खा हात. मुंग्या चढू नयेत म्हणून सिंहासनाचे पाय पाण्याच्या वाट्यांत ठेवले होते.

राजकन्या इरावती वडिलांपाशी बसून असे. एके सकाळी खिडकीत तांबट पक्षी आला.

“राजकन्ये, साखर छातीत उतरली की राजा संपला,” तो म्हणाला. “मांत्रिकाच्या मळ्यात तीन वाफे आहेत. मेथी, कोथिंबीर आणि अळू. प्रत्येकातून एकच जुडी मिळेल. त्यातला एक घास राजाने आपणहून मागून खाल्ला, तर शाप तुटेल. कुणी आग्रह केला, तर घासाची साखर होईल.”

“एवढंच?”

“तुमच्या राज्यात हे एवढंसं नाही,” तांबट म्हणाला.

खरंच होतं ते. त्या राज्यात पंगतीत आग्रह झाला नाही, तर पाहुणा रुसून जाई.

इरावती मळ्यात गेली. राखणीला दगडी वाघ होता. “पाठ खाजव, मग ने,” तो म्हणाला. तिने खाजवली. तीन जुड्या घेऊन ती परतली आणि स्वतः चुलीपुढे बसली.

मेथी बारीक चिरून तिने ज्वारीच्या पिठात मळली, मुटके वळून वाफवले, वर तीळ परतून घातले. वासाने राजाने डोळे उघडले. त्याचे ओठ हलणार, तोच राणी कळवळून म्हणाली, “एक तरी घ्या हो, माझ्या गळ्याची शपथ!” ताटात साखरेचे खडे उरले. राजाचा खांदा पांढरा पडला.

दुसऱ्या दिवशी कोथिंबीरवडी. राणीला बाहेर बसवलं, पण प्रधान आत होता. त्याला राहवेना. “महाराज, अर्धी? बरं, पाव?” पुन्हा साखर. आता ती राजाच्या गळ्याखाली आली.

उरलं अळू. इरावतीने सगळ्यांना बाहेर काढलं. पानांच्या जाड शिरा सोलल्या. घसा खाजू नये म्हणून डाळीच्या पिठात चिंचेचा कोळ कालवला, गूळ घातला, तिखट घातलं. पानावर पान लावून गुंडाळी केली, वाफवली, काप पाडले आणि थेंबभर तेलावर तव्यात खरपूस केले. ताट घेऊन ती वडिलांसमोर बसली.

राजा बघत राहिला. मागेना. साखर छातीच्या काठाशी आली होती. ‘बाबा, खा ना!’ हे शब्द इरावतीच्या जिभेवर आले. आता तोंडातून सुटणार, म्हणून तिने तोंडात वडीच कोंबली.

कुर्रर्र!

सकाळपासून तिच्या पोटात काही नव्हतं. आधी आंबट लागलं, मग गोड, मग तिखट, आणि शेवटी पानाचा मऊ हिरवा स्वाद. तिने दुसरी घेतली. मग तिसरी. डोळ्यांत पाणी होतं, तरी हात थांबेना.

“किती उरल्या?” राजाने विचारलं.

तिचं तोंड भरलेलं होतं. तिने एक बोट वर केलं.

“ती माझी. इकडे दे!”

राजाने वडी खाल्ली. छातीवरची साखर तडकली आणि गारांसारखी फरशीवर पडली. आतून धडधडता, उबदार माणूस निघाला. त्याने लेकीला जवळ घेतलं आणि रिकाम्या ताटाकडे पाहिलं. “सगळ्या तूच संपवल्यास?”

“हो बाबा.”

“मग ऊठ, अजून कर. मी पानं पुसून देतो.”

पेटी रिकामी झाली होती. राणीने ती धुऊन डाळीच्या पिठासाठी घेतली. परसापरसात अळू लागलं. त्या राज्यात आग्रह अजून होतो, फक्त पालेभाजीच्या ताटापुढे सगळे शहाण्यासारखे गप्प बसतात आणि आधी स्वतः खातात. आता वड्या इतक्या खुसखुशीत कशा झाल्या, तेही सांगते. काप पाडण्याआधी इरावतीने ती गुंडाळी

आले, आले! कोणीतरी हाक मारतंय, मला