कोठीचं मागचं दार

एका गावात एक बुटकं दार होतं. दाराची कसली गोष्ट, असं म्हणाल. पण माणसांपासून सुरुवात केली तर माझं डोकं आधीच फिरेल, म्हणून दारापासून करतो.

गाव कोरडवाहू. खरिपाला बाजरी, हिवाळ्यात थोडाफार कांदा. गावाच्या कडेला ख्रिस्ती वस्ती, वस्तीच्या मधोमध दगडी चर्च आणि चर्चच्या भिंतीला लागून एक खोली. तिला सगळे कोठी म्हणत. कोठीला दोन दारं होती. पुढचं मोठं दार चर्चच्या अंगणात उघडायचं. मागचं बुटकं, वाकून आत जायचं, आणि ते बाभळींच्या बाजूला उघडायचं. त्याला कुलूप नव्हतं. कधी लावलंच नव्हतं कुणी.

वस्तीतल्या बायांची एक रीत होती. दळणाचा डबा भरताना त्यातली एक मूठ बाजरी चुलीजवळच्या गाडग्यात टाकायची. प्रत्येक घरात असं मुठीचं गाडगं असे. रविवारी उपासनेला येताना बाया ते पदराखाली घेऊन येत आणि पुढच्या दारानं कोठीत ओतत. कुणाचं किती, हे कुणी बघत नसे. मग आठवडाभर ज्याच्या घरी चूल पेटायची पंचाईत असेल, त्यानं दिवेलागणीला मागच्या दारानं यावं आणि लागेल तेवढं न्यावं. त्या वेळी बाभळींच्या बाजूला कुणी फिरकायचं नाही. पोरांचा चेंडू तिकडे गेला, तरी तो सकाळपर्यंत तिथंच पडून राही.

प्रभूनं गुपचूप द्यायला सांगितलंय, हे सगळ्या मंडळींना पाठ असतं. या अडाणी बायांनी त्यात आपली एक गोष्ट घातली होती. घेणाऱ्यालाही गुपचूप घेता आलं पाहिजे, एवढीच. किती वर्षं ही रीत चालली कोण जाणे. वस्तीत भुकेनं कुणी मेलं नाही आणि कोठीपायी कुणाची मान खाली गेली नाही.

मग शलमोनशेट मोठा झाला.

याच वस्तीतला माणूस. कांद्याच्या व्यापारात त्याचं नशीब फळफळलं. गोदाम झालं, ट्रक झाले, माडी झाली. पैसा आला याचा मला राग नाही. मेहनती होता, मिळवलं त्यानं. पण पैसा आला की काही जणांना देवाच्या घरातसुद्धा पहिल्या बाकावर बसल्याशिवाय प्रार्थना सुचत नाही. शेटचं तसं झालं. एका रविवारी उपासना संपल्यावर तो पंचांसमोर उभा राहिला.

"ही काय भिकारडी पद्धत? मूठ मूठ गोळा करायची. कोण नेतं, किती नेतं, कुणाला पत्ता नाही. आजपासून कोठी मी भरणार."

चर्चचे पाळकसाहेब म्हणाले, "शेट, रीत फार जुनी आहे."

"साहेब, चर्चचे पत्रेही फार जुने आहेत. ते बदलायचेत ना?"

पाळकसाहेबांनी पत्र्यांकडे बघितलं आणि ते गप्प बसले. तुम्हीच सांगा, अशा गप्प बसण्याला काय म्हणायचं? मी म्हणत नाही, कारण ते पाळक आहेत.

महिन्याभरात कोठीचा नूर पालटला. आत फरशी आली, पत्र्याच्या मोठमोठ्या टाक्या आल्या. पुढच्या दारावर संगमरवरी पाटी बसली आणि तिच्यावर शेटचं नाव. मागचं दार गवंड्यानं विटांनी बुजवून टाकलं. "चोरटी वाट कशाला ठेवायची?" असं शेट म्हणाला. महिन्याच्या पहिल्या रविवारी, सगळ्या मंडळीसमोर, धान्यवाटप सुरू झालं. घेणाऱ्यानं पुढं यायचं, साक्ष द्यायची, पोतं हातात धरून शेटबरोबर उभं राहायचं. शेटचा ड्रायव्हर मोबाइलवर फोटो काढायचा. दुपारपर्यंत तो फोटो गावातल्या प्रत्येक फोनवर.

साक्ष म्हणजे काय, ते ठाऊक आहे ना? प्रभूनं आपल्या आयुष्यात काय केलं, ते मंडळीत उभं राहून मनापासून सांगणं. तिची या माणसानं पावती करून टाकली.

पण शेटपेक्षा मला वस्तीचा राग जास्त येतो. वस्तीनं काय करावं? टाळ्या वाजवल्या! "चला, शेट बघतोय आता, आपली जबाबदारी संपली," असं म्हणून बायांनी गाडगी उचलून अंगणात ठेवली आणि त्यांत कोंबड्यांना पाणी घातलं. एका मुठीची सवय मोडायला एक पावसाळासुद्धा लागला नाही. ज्यांना खरी गरज होती, ती घरंदाज माणसं वाटपाला येईनाशी झाली. यायचा कोण? शेटच्या ड्रायव्हरचा मेव्हणा. न चुकता यायचा आणि साक्षही झकास द्यायचा.

आता राहेलचं सांगतो. तिचं ऐकून तुमच्याही डोक्यात तिडीक गेली नाही, तर खुशाल उठून जा.

राहेलचा नवरा वारलेला. पदरात एस्तेर नावाची एक मुलगी, दुसरीत शिकणारी. राहेल रोजंदारीवर कांदा काढायला जायची, कुणापुढं हात पसरायची नाही. त्या साली बांधावरून पाय घसरला आणि उजवा हात मनगटात मोडला. हात गळ्यात आला, काम बंद झालं. डब्यातली बाजरी तळाला गेली. जुने दिवस असते तर दिवेलागणीला ती मुकाट्यानं मागच्या दारानं जाऊन आली असती. आता तिथं विटा होत्या.

एस्तेरला शाळेत खिचडी मिळायची. पोरगी अर्धी तिथं खायची आणि अर्धी डब्यात घालून घरी आणायची. "बाई रोज जास्त वाढतात गं मला," असं आईला सांगायची. आई म्हणायची, "मला भूकच नाही, तूच खा." दोघीही खोटं बोलत होत्या आणि दोघींनाही ते कळत होतं. शेजारची हन्नामावशी कधी भाकरी घेऊन गेली, तर राहेल अर्धी तोडून परत द्यायची. "मावशी, तुमच्या सुनेच्या हाताकडं बघून तुम्ही खाता. मला का पाप लावता?"

मग दिवाळीची सुट्टी लागली आणि खिचडी बंद झाली. दोन दिवस पोरगी गुळाच्या पाण्यावर राहिली. पहिला रविवार आला तसं राहेलनं धुतलेलं लुगडं नेसलं, एस्तेरची वेणी घातली आणि ती वाटपाच्या रांगेत जाऊन उभी राहिली. जन्मात पहिल्यांदा.

तिची पाळी आली. शेट म्हणाला, "हं, साक्ष दे."

राहेल हळूच म्हणाली, "प्रभूनं दिलं. उपकार त्याचे."

"प्रभूनं दिलं ते खरं गं. पण कुणाच्या हातून?"

मंडळीत दोघंचौघं हसले. राहेल म्हणाली, "शेटच्या हातून."

शेटनं पोतं दिलं. तिनं ते एका हातानं छातीशी कवटाळलं. फोटो निघाला. शेटनं मोबाइलमध्ये डोकावून बघितलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"अरे, माझे डोळे मिटलेत यात. पुन्हा काढ. बाई, ते पोतं दे इकडं, मी परत देतो. आणि जरा हस की! मयताला आल्यासारखं तोंड काय केलंस?"

राहेलनं पोतं परत दिलं. शेटनं ते पुन्हा पुढं केलं, तिच्याकडं न बघता, मोबाइलकडं बघत. हात तसाच पुढं राहिला. राहेलनं ते घेतलं नाही. तिनं एस्तेरचं बोट धरलं आणि ती अंगणातून चालायला लागली. पोरगी मागं वळून वळून पोत्याकडं बघत होती. आईनं काय राखलं ते कळायचं तिचं वय नव्हतं. पोटात कावळे ओरडत होते, तेवढं तिला कळत होतं.

"बघा, गरिबांचा माज!" शेट म्हणाला. "चला, पुढचा कोण?"

एवढी मंडळी बसली होती. गायनमंडळ होतं, पंच होते, पाळकसाहेब होते. एकाच्याही तोंडातून शब्द फुटला नाही. लाज वाटायला हवी होती एकेकाला!

हन्नामावशी तेवढी उठली. चर्चच्या पडवीत कबरी खणायची अवजारं असत. तिनं त्यातली पहार उचलली, कोठीला वळसा घातला आणि बुजवलेल्या दारावर पहार हाणली. म्हातारीच्या अंगात ताकद ती काय! वीट हलली नाही, नुसता चुना उडाला. तिनं पुन्हा हाणली. आवाज ऐकून सगळी मंडळी मागं धावली. शेट सर्वांच्या पुढं.

"मावशी, डोकं फिरलं का तुमचं?"

"फिरलंय. उशिरा फिरलं, याचंच वाईट वाटतंय."

"चोरांची वाट होती ती!"

"भुकेल्यांची होती."

"असं?" शेट मंडळीकडं वळला. त्याचा आवाज चढला होता. "मावशी कितीतरी वर्षं ही कोठी झाडायला होती. सांगा मावशी, कोण यायचं या दारानं? एक तरी नाव सांगा. एक! सांगितलंत तर मी माझ्या हातानं विटा काढतो."

सगळे मावशीकडं बघायला लागले. मावशीनं पहार टेकवली आणि शेटच्या तोंडाकडं बघितलं.

ती काय सांगू शकली असती, ते तुम्हाला सांगतो. वस्तीला ठाऊक नव्हतं, पण गोष्ट पुरती कळायला हवी. पुष्कळ वर्षांपूर्वी एका दिवेलागणीला मावशी कोठी झाडत होती. मागचं दार हळूच ढकललं गेलं. बाप वारलेला एक पोर पिशवी घेऊन आत आला. कणगीत दाणे तळाला गेले होते आणि त्याचा हात पोचत नव्हता. मावशी वाकली, तिनं पिशवी भरली, तोंडाला गाठ मारून दिली. दोघंही एक शब्द बोलले नाहीत. तो पोर म्हणजे हाच शलमोन. त्या धान्यावर त्यानं आणि त्याच्या आईनं दोन दुष्काळ काढले. आता कळलं, ते दार त्याच्या डोळ्यांत का सलत होतं? ज्या वाटेनं आपण वाकून गेलो, ती वाटच त्याला जगातून पुसायची होती.

एक नाव सांगायचं. फक्त एक. शेटची सगळी ऐट तिथल्या तिथं मातीत गेली असती, आणि खरं सांगू, मी मावशीच्या जागी असतो तर ओरडून सांगितलं असतं! मावशीच्याही ओठांवर ते आलं होतं. शेटच्या कपाळावर घाम आला. विचारून बसल्यावर त्याला आठवलं, आपण कुणाला विचारतोय ते.

मावशी म्हणाली, "नाव नाही सांगणार. या दाराकडं बघायचं नाही अशी रीत होती. मी ती मोडणार नाही."

मंडळीत कुजबुज झाली. शेट दोन पावलं पुढं आला. तिलाच ऐकू जाईल असं म्हणाला, "मावशी, खरंच आठवत नाही तुम्हाला?"

मावशीही तितक्याच हळू बोलली. "मी विसरायचंच होतं, शलमोन. लक्षात ठेवायचं काम तुझं होतं."

शेटचा चेहरा पडला. मग त्यानं हात पुढं केला, मावशीच्या हातातली पहार घेतली आणि पहिली वीट पाडली. का पाडली, ते वस्तीला कळलं नाही. नाव तर कुणी सांगितलं नव्हतं. ड्रायव्हर मोबाइल काढायला लागला, तर शेट त्याच्या अंगावर असा खेकसला की त्यानं तो खिशातच ठेवला.

तिन्हीसांजेपर्यंत दार मोकळं झालं. पाटी दुसऱ्या दिवशी निघाली. शेट बदलला का? ते प्रभूला ठाऊक. एक वीट पाडल्याबद्दल मी त्याच्या गळ्यात हार घालणार नाही. त्याच रविवारी कोंबड्यांच्या पुढची गाडगी मात्र घासूनपुसून पुन्हा चुलीजवळ गेली, आणि बायांनी खाली मान घालून ती भरली. ती मान खाली गेली ते बरंच झालं.

त्याच दिवशी दिवेलागणीला बाभळींच्या बाजूला कुणी गेलं नाही. कुणी बघितलं नाही. पण सकाळी राहेलच्या छपरातून धूर निघाला, आणि एस्तेर ओट्यावर बसून बाजरीची गरम भाकरी दोन्ही हातांनी खात होती. पुढं राहेलचा हात जुळला, ती कामाला लागली. पहिलं दळण भरताना तिनं एस्तेरला हाक मारली आणि गाडगं पुढं केलं. पोरीची मूठ ती केवढीशी, पण तिनं गच्च भरून टाकली.

तात्पर्य: जे दान घेताना माणसाला मान खाली घालावी लागते, त्या दानात देणारा दाणे देतो आणि अब्रू काढून घेतो, म्हणून द्यायचं तर अशा दारानं द्यावं, की ज्या दारानं आपण स्वतः कधी आत आलो होतो हे आपल्याला विसरता येणार नाही आणि दुसऱ्या कुणाला कळणार नाही.