आवडी आणि उजेडाचे मणी

डोंगर जिथं खाडीच्या पाण्यात पाय सोडून बसला होता, तिथं एक इवलंसं गाव होतं. गावाच्या टोकाला, रानाला अगदी खेटून एक झोपडी होती आणि त्या झोपडीत आवडी आपल्या आईबरोबर राहायची. आवडीच्या परकराला ठिगळंच ठिगळं होती. पावसात झोपडी गळायची. पण आवडीची बोटं मात्र अशी चपळ, अशी नाजूक, की फुलपाखरांनीही थांबून बघावं!

आवडीची आई चंद्राई ताईत करायची. ते सोन्याचे नसत की चांदीचे नसत, रानानं दिलेले असत. वैजयंतीचे टपोरे राखाडी मणी, गुळगुळीत सागरगोटे, निळ्याहिरव्या मोरपिसाचा चिमुकला डोळा, असं सगळं ती लाल दोऱ्यात ओवायची. गावात बारसं असलं की तिला बोलावणं यायचं. बाळाच्या गळ्यात ताईत बांधायचा आणि सूपभर तांदूळ घेऊन घरी यायचं, वर एक नारळ. त्यावरच त्यांची चूल पेटायची.

"झाडानं टाकलं तेच उचलायचं, बाळा. तोडायचं नाही," चंद्राई सांगायची. "गाठ मारताना ज्याला बांधतोय त्याचं भलं चिंतायचं. आणि आपला ताईत आपण कधी बांधू नये. तो दुसऱ्याच्याच हातानं बांधून घ्यावा." आवडीच्या गळ्यातला ताईत चंद्राईनंच बांधला होता.

पुढं चंद्राईच्या डोळ्यांवर धुकं उतरलं. आधी सुईचं नाकं दिसेना, मग मणी दिसेनात, मग आवडीचं तोंडही दिसेना. तेव्हापासून आवडी ताईत करू लागली. छान चाललं होतं. आणि मग गावात केतकी आली.

केतकी होडीवाल्या मामाकडे राहायला आली होती. तीही ताईत करायची, शंखशिंपल्यांचे! गुलाबी शिंपले, चंद्रासारख्या पांढऱ्याशुभ्र कवड्या, उन्हात सात रंग उधळणारे चकचकीत तुकडे. बायका तर वेड्याच झाल्या.

"काय गं आवडे, तुझे मणी राखेत लोळवून आणतेस की काय?" पाणवठ्यावर कुणीतरी म्हणालं, आणि सगळ्या खुसुखुसु हसल्या.

त्या दिवसापासून आवडीच्या पोटात एक काळा, केसाळ सुरवंट वळवळू लागला. केतकी हसली की तो वळवळे. केतकीला बारशाचं बोलावणं आलं की तो चावे. झोपडीतलं सूप रिकामं राहू लागलं, आणि सुरवंट मात्र खाऊन खाऊन गुबगुबीत झाला.

एका सकाळी आवडी रानात आणखी सुंदर बिया शोधायला गेली. बकुळीच्या झाडाखाली तिला मुसमुसणं ऐकू आलं. बघते तर काय, अंगठ्याएवढी एक परी! चतुरासारखे झिरझिरीत पंख, दवाच्या थेंबांचा झगा आणि नाक रडून रडून लालेलाल.

"माझ्या झोक्याचा दोर तुटला," परी म्हणाली.

आवडीजवळ लाल दोऱ्याची एकच गुंडी उरली होती. तिनं ती काढली, बकुळीच्या डहाळीला बांधली आणि परीला झोक्यावर बसवलं.

"अगं, मग तू ताईत कशात ओवशील?"

"ते उद्या बघीन. तू झोका घे आधी."

परी खुदकन हसली. झोका वर गेला, खाली आला, आणि आवडीच्या ओंजळीत तीन मणी पडले. पहाटेचा उजेड गोठवून केल्यासारखे, केशरी, सोनेरी, लुकलुकणारे!

"एका मण्याला एक इच्छा," परी म्हणाली. "पण ऐक हं, सोनुले. ओवणाऱ्यानं स्वतःसाठी मागायचं नाही. ज्याच्या गळ्यात बांधशील, त्याच्यासाठीच मागायचं. आणि ओठांवर जे असेल तेच मनात हवं. नाहीतर मणी रुसेल."

आवडी पळत घरी निघाली. आईचे डोळे! आईच्याच गळ्यात पहिला मणी बांधायचा! पण वाटेत केतकी दिसली. तिच्या टोपलीत सूपभर तांदूळ होते, वर नारळ. सुरवंट टुणकन उठला. आवडी तिथंच झाडाआड बसली, परकराचा धागा उसवला, मणी त्यात ओवला आणि स्वतःच्या गळ्यात बांधून म्हणाली, "माझे ताईत केतकीच्या ताइतांपेक्षा सुंदर होऊ देत!"

उजेड विझला. गळ्यात उरला एक मातकट खडा.

दुसऱ्या दिवशी कुंभाराच्या घरी बारसं होतं. बोलावणं केतकीला होतं, तरी आवडी गेलीच. कुणी काही म्हणायच्या आत तिनं दुसरा मणी बाळाच्या गळ्यात बांधला. "बाळ सुखात राहो," ती तोंडानं म्हणाली. मन म्हणालं, 'आणि केतकीची फजिती होवो.'

मणी कोळशासारखा काळा झाला. बाळानं असं भोकाड पसरलं की ओट्यावरची मांजर पळाली.

"काळाच असतो की दृष्टमणी," एक म्हातारी समजुतीनं म्हणाली.

"हा दृष्ट काढणारा दिसत नाही, लावणारा दिसतोय!" दुसरी म्हणाली.

केतकीनं हलकेच तो मणी सोडला आणि आपला शिंपल्याचा ताईत बांधला. बाळ हसलं. आवडी खाली मान घालून घरी आली.

आता एकच मणी उरला. तो आईचाच. पण बांधायची तिची छाती होईना. मनात सुरवंट असताना बांधला आणि तोही विझला तर? मन निवळेपर्यंत थांबायचं तिनं ठरवलं. पण मन काही निवळेना.

एका दुपारी दारात सावली पडली. केतकी!

"का आलीस? इथं बारसं नाही," आवडी फणकारली.

केतकी अंगठ्यानं माती उकरत राहिली. "मला ताईत बांधशील?"

"तुला? तुझ्याकडे टोपलीभर आहेत की!"

"आपला आपण बांधायचा नसतो ना. माझा आई बांधायची. वादळात आई गेली आणि ताईतही गेला. मामाला होडीचीच गाठ येते. त्यानं बांधला, तर माझा गळाच आवळला!" केतकी हसायला गेली, पण डोळे भरून आले. "साऱ्या गावाला मी बांधते. मला बांधायला कुणी नाही. तुझ्या गळ्यातला तुझ्या आईनं बांधलाय. तो बघितला की मला तुझा इतका राग येतो..."

"माझा?" आवडी थक्क झाली. "मला तर तुझा येतो!"

"माहितीय. तू बघायला लागलीस की माझ्या दोऱ्याचा गुंता होतो."

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या आणि एकदम फिसकन हसल्या. हसता हसता आवडीला कळलं, की पोटात काही वळवळत नाहीये.

मन निवळलं होतं. हीच वेळ होती! आत आई चाचपडत चूल पेटवत होती. मणी मुठीत ऊबदार लागत होता. आवडीनं आईकडे बघितलं, मग केतकीच्या मोकळ्या गळ्याकडे. आईला मी तरी आहे, तिला वाटलं. हिला कोण आहे?

परकराच्या धाग्यात तिनं मणी ओवला आणि केतकीच्या गळ्यात गाठ मारली. "केतकीला आपलं माणूस मिळो. ती कधी एकटी न पडो."

मणी लख्ख उजळला. आवाज ऐकून चंद्राई भिंत धरत बाहेर आली. तिचा हात केतकीच्या डोक्यावर पडला, मग गालावर, मग खांद्यावर. "कुणाची गं तू? किती रोडावली आहेस! जेवलीस का?" तिनं केतकीला कुशीत ओढलं, आणि केतकी हुंदके देत तिला बिलगली.

तेवढ्यात टच्चकन आवाज झाला. मणी शेंगेसारखा उकलला आणि त्यातून तसाच एक नवा मणी केतकीच्या तळहातावर पडला. वर परी तरंगत होती.

"निर्मळ मनानं ओवलेला मणी बीजासारखा असतो, सोनुले. त्याला दुसरा येतोच," ती म्हणाली. "पण हा आता केतकीचा. काय मागायचं ते तीच ठरवील."

आवडीला सांगायची गरजच पडली नाही. केतकीनं मणी ओवला, चंद्राईच्या गळ्यात हळुवार गाठ मारली आणि म्हणाली, "मावशीच्या डोळ्यांवरचं धुकं उडून जाऊ दे."

परीनं एक गिरकी घेतली. तिचे पंख उजळले, झगा उजळला. केशरी, गुलाबी, सोनेरी लाटांनी झोपडी काठोकाठ भरली. उजेड ओसरला तेव्हा परी कुठंच नव्हती.

चंद्राई डोळे चोळत होती. तिनं एका मुलीकडे बघितलं, मग दुसरीकडे. "अगंबाई!" ती म्हणाली. "डोळे गेले तेव्हा मला एकच लेक होती की गं!"

पुढं त्या गावातल्या ताइतांत रानातला मणी आणि खाडीतला शिंपला एकाच दोऱ्यात ओवले जाऊ लागले, आणि बारशाची बोलावणी दोघींना मिळून येऊ लागली. ज्याचा गळा अजून मोकळा आहे, त्यालाही आज कुणाचा तरी हात लाभो.